गरम झाल्यावर चालत्या गाडीचं इंजिन बंद पडणं: माझा अनुभव

जुनी पेट्रोल गाडी, इंजेक्शनवाली. बीडहून संभाजीनगरला निघालं की गेवराईपर्यंत झकास, पाचोडच्या आसपास इंजिन गप्पकन बंद. बॉनेट उघडून अर्धा तास थांबलं की काही झालंच नाही अशी चालू. प्लग, फिल्टर, बॅटरीचे टर्मिनल, सगळं करून झालं. मेकॅनिकच्या दारात मात्र ही बया कधी बंद पडायची नाही!

शेवटी बंद पडली तिथंच तपासली. चावी फिरवल्यावर मागच्या सीटखालून इंधनाच्या पंपाचा आवाज आला, म्हणजे पंप चालू होता. पण स्टार्टर मारताना आरपीएमचा काटा शून्यावरून हललाच नाही. म्हणजे संशय क्रँक सेन्सरवर; इंजिन फिरतंय हे गाडीच्या कॉम्प्युटरला सांगतो तो हा सेन्सर. म्हणून त्याच्यावर, एक्झॉस्ट (धुराचा गरम पाइप) सांभाळून, बाटलीतलं पाणी हळूहळू ओतलं. लगेच चालू.

घरी आधी बॅटरीची निगेटिव्ह काढली. मग गिअरबॉक्सजवळच्या या क्रँक सेन्सरचा कनेक्टर सोडवून सेन्सरच्या दोन्ही पिनांना मल्टिमीटर ओहमवर (रेझिस्टन्स मोजायला) लावला. थंड असताना रीडिंग स्थिर, हेअर ड्रायरनं तापवल्यावर सर्किट तुटलेलं. 10 चा बोल्ट काढला, बसायची जागा पुसली, नवा सेन्सर बसवला, वायर एक्झॉस्टपासून लांब बांधली. त्यानंतर भर मे महिन्यातही बंद पडलेली नाही.

माझा सेन्सर दोन वायरचा, आत कॉइल असलेला. तीन वायरचा हॉल सेन्सर (आत इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेला) असेल तर ओहमची ही चाचणी लागू नाही.