चाबूक कोळी कसा शोधावा, कसा पाहावा

दिसायला भीतीदायक असला तरी चाबूक कोळ्याला विष नसतं, नांगी नसते, आणि तो जाळंही विणत नाही. फ्रायनस मार्जिनेमॅक्युलेटस ही दक्षिण फ्लोरिडा, बहामा आणि क्युबात आढळणारी त्याची छोटी जात. शरीर जेमतेम दीड-दोन सेंटीमीटर आणि चपटं, त्यामुळे चुनखडीच्या दगडाखालची बारीक फटही त्याला पुरते. त्याला तिथेच पाहावं, पकडून डबीत भरू नये.

जागा दिवसा हेरा. हातमोजे घाला आणि दगडाची पलीकडची कड आपल्याकडे कलवा, म्हणजे खाली विंचू निघालाच तर मध्ये दगड राहतो. दगडाची खालची बाजूही नीट पाहा. कोळी बरेचदा तिथेच चिकटलेला असतो. दिसला की दगड होता तसा, अगदी हळू टेकवा.

अंधार पडल्यावर परत या. टॉर्चवर लाल जिलेटिन कागद लावा, लाल उजेडाने तो फारसा बिचकत नाही. चेहरा जवळ नेऊ नका. त्याच्या पायांवरचे नाजूक केस हवेची हलकीशी हालचालही टिपतात, तुमचा श्वाससुद्धा.

आता पाय बघा, खरी गंमत तिथेच आहे. पाय आठ, पण चालायला सहाच, तेही खेकड्यासारखं तिरपं. पहिली जोडी अतिशय बारीक आणि शरीराच्या कितीतरी पट लांब. तिनेच तो स्पर्श करतो, वासही घेतो. एक पाय पुढे चाचपत असतो तेव्हा दुसरा बाजूला नाहीतर मागे फिरत असतो. एखादा किडा टप्प्यात आला की हा पाय त्याच्यावरून अलगद फिरतो, कधी कधी बराच वेळ. मग तोंडाजवळचे काटेरी पंजे इतक्या झटकन मिटतात की डोळ्याला पकड लागलेलीच दिसते. दोन नर समोरासमोर आले तर ते हेच लांब पाय एकमेकांवर थरथरवतात, आणि पुष्कळदा भांडण तेवढ्यावरच मिटतं.

उलटा लटकून कात टाकणारा दिसला तर टॉर्च विझवा. नवी कात मऊ असते, धक्का सोसत नाही.

पोटाखाली अंड्यांची पिशवी किंवा पाठीवर फिकट पिल्लं असलेली मादी दिसली तर दगड पुन्हा उचलूच नका. पहिली कात टाकेपर्यंत पिल्लं आईच्या पाठीवरच राहतात. त्याआधी खाली पडलेलं पिल्लू सहसा जगत नाही.