लठ्ठपणाचे निदान करताना या चुका टाळा

लठ्ठपणाच्या निदानातील बहुतेक चुका महागड्या तपासण्यांत नव्हे, तर उंची, वजन आणि कंबर मोजण्याच्या पाच मिनिटांत होतात, आणि नव्याने काम सुरू केलेल्या डॉक्टरांना नेमकी तीच पाच मिनिटे वाचवायची असतात.

रुग्णाने सांगितलेली उंची कधीही लिहून घेऊ नये. बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजन दाखवणारा आकडा, काढताना किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले जाते, त्यामुळे उंचीतील लहानशी चूकही उत्तरात जवळपास दुप्पट प्रमाणात उतरते. ८० किलो वजनाच्या माणसाची उंची १६५ सेंटिमीटर धरली, तर बीएमआय २९.४ येतो, ती प्रत्यक्षात १६२ असेल, तर तो ३०.५ होतो आणि लठ्ठपणाची ३० ही सर्वसाधारण सीमा ओलांडतो. उतारवयात उंची घटते, पण माणूस मात्र तारुण्यातलीच उंची सांगत राहतो.

कंबर मोजताना होणारी चूक मला याहून अधिक अस्वस्थ करते. एका रुग्णाची कंबर तीन महिन्यांत १०४ सेंटिमीटरवरून ९८ वर आल्याची नोंद पाहून मी त्यांचे उपचार वाढवण्याचा निर्णय पुढे ढकलला. वजन तसूभरही हललेले नव्हते, ही विसंगती माझ्या नजरेतून सुटली. पुढच्या भेटीत मी स्वतः मोजले तेव्हा कंबर १०३ भरली. मधल्या वेळी शिकाऊ डॉक्टरांनी कपड्यांवरूनच, जिथे कंबर बारीक दिसते तिथे टेप आवळून मोजले होते, आणि रुग्णाने संकोचाने पोट आत ओढले होते. त्या एका आकड्यामुळे उपचारांचे तीन महिने गेले, याची खंत मला आजही आहे. तेव्हापासून मी शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड हाताने चाचपून दोन्हींवर पेनाने खूण करतो, त्यांच्या मध्यावर टेप आडवी व त्वचेला न रुतेल अशी ठेवतो आणि रुग्णाने सहज श्वास सोडल्यावर आकडा वाचतो. दोन मापांत एक सेंटिमीटरहून अधिक फरक पडला, तर पुन्हा मोजतो. काही ठिकाणी हाडाच्या वरच्या कडेवरच मोजण्याची पद्धत आहे; तीही मान्य आहे, मात्र कोणती पद्धत वापरली हे नोंदीत लिहायलाच हवे.

केवळ बीएमआयवर निदान करणे ही घाई आहे. हे सूत्र एकोणिसाव्या शतकात बेल्जियन गणितज्ञ केतेले यांनी लोकसमूहांच्या अभ्यासातून मांडले. ते चरबी, स्नायू आणि अंगावर सूज आणणारे पाणी यांत भेद करत नाही. म्हणून मी पायावर अंगठा दाबून सूज पाहिल्याशिवाय वजनाचा अर्थ लावत नाही. आशियाई लोकांत कमी बीएमआयलाही मधुमेहाचा धोका वाढतो, म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी २००४ मध्ये त्यांच्यासाठी २३ आणि २७.५ हे दक्षतेचे टप्पे सुचवले. २०२५ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगानेही चरबीची खात्री कंबरेसारख्या दुसऱ्या मापाने करावी आणि अवयवांच्या कार्यात बिघाड झाला आहे का हे वेगळे पाहावे, असे सुचवले आहे.

मुलांना प्रौढांच्या सीमा लावू नयेत; त्यांचा बीएमआय वय आणि लिंगानुसार आलेखावरच वाचावा.

विजेच्या सौम्य प्रवाहाने चरबी मोजणारे यंत्र शरीरातील पाण्याच्या प्रमाणानुसार आकडा बदलते.

वजन वाढवू शकणारी स्टिरॉइड किंवा मानसिक आजारांवरील काही औषधे चालू आहेत का, हे न विचारता आहाराला दोष देऊ नये.