ॲप्ट अडकलं तर

नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या अभ्यासिकेत मुलांसाठी जुने पीसी आहेत, सगळ्यांवर उबुंटू २२.०४ ही लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिम. त्यांची देखभाल माझ्याकडे. मे महिन्यात दुपारी लाइन जाते आणि कुठल्यातरी पीसीवर ॲप्टने (उबुंटूत प्रोग्रॅम इन्स्टॉल आणि अपडेट करणारं टूल) चालवलेलं अपग्रेड अर्धवट राहतं. मग हाक येते, "दादा, काहीच इन्स्टॉल नाही होऊन राहिलं."

तेव्हा टर्मिनलमध्ये आधी 'सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए' चालवा (टाइप अर्थातच रोमन अक्षरांत). अर्धवट राहिलेली पॅकेजं (ॲप्ट प्रोग्रॅम ज्या गठ्ठ्यांत आणतं ते) पूर्ण होतात. मग 'सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल'. लाइन गेल्याने झालेला घोळ बहुतेकदा एवढ्यात सुटतो. 'लॉक मिळत नाही' (म्हणजे इन्स्टॉलचं दुसरं काम आधीच चालू आहे) असं आलं तर लॉकची फाइल उडवू नका. मागे आपोआप होणारं अपडेट चालू असतं, ते संपू द्या.

डिपेंडन्सीचं, म्हणजे एका पॅकेजला चालायला दुसरं लागतं त्याचं, दुखणं याहून चिवट. वेब डेव्हलपमेंट शिकणाऱ्या एका मुलाने मोंगोडीबी ५.० हा डेटाबेस घेतला, तोही जुन्या उबुंटू २०.०४ साठीचा. ॲप्ट म्हणालं, लिबएसएसएल१.१ हवं आणि ते मिळत नाही. मिळणार कसं? लिबएसएसएल१.१ हा ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीच्या जुन्या १.१ आवृत्तीचा भाग, आणि २२.०४ मध्ये ओपनएसएसएल ३ आहे. जुन्या उबुंटूतून ती एक फाइल उचलून टाका, असा सल्ला सगळीकडे सापडतो. कृपा करून ऐकू नका. ओपनएसएसएल १.१.१ ची सर्वांसाठीची दुरुस्ती सप्टेंबर २०२३ मध्ये थांबली, आणि हाताने टाकलेल्या त्या प्रतीला ॲप्ट पुढे कधीच अपडेट देणार नाही. मोंगोडीबीच्या ६.० मालिकेत खास २२.०४ साठीचं पॅकेज आहे, आम्ही ते घेतलं.

एरर नीट वाचा. कोणतं पॅकेज कोणती आवृत्ती मागतंय, हे त्यातच लिहिलेलं असतं. मग 'ॲप्ट पॉलिसी' आणि पुढे पॅकेजचं नाव. कोणती आवृत्ती बसलेली आहे, कोणती बसू शकते, ती कुठल्या रिपॉझिटरीतून (पॅकेजांच्या ऑनलाइन साठ्यातून) येते, सगळं समोर येतं. माझ्या अनुभवात दोषी बहुधा कधीतरी जोडलेला पीपीए (उबुंटूबाहेरच्या कोणीतरी चालवलेली रिपॉझिटरी) निघतो. 'पीपीए-पर्ज' तो बंद करून पॅकेजं उबुंटूच्या मूळ आवृत्तीवर आणतं. हे टूल वेगळं इन्स्टॉल करावं लागतं.

आणि जबरदस्तीचा कोणताही उपाय करण्याआधी त्याच आज्ञेला '--सिम्युलेट' जोडून पाहा. काही बदलत नाही, फक्त काय होईल ते दिसतं. काढून टाकायच्या यादीत ग्नोम-शेल (डेस्कटॉप) किंवा जीडीएम३ (लॉगिनचा पडदा) दिसलं, तर तिथेच थांबा.