सोयाच्या चोथ्याचं टेम्पे: या चुका टाळा

निपाणी-चिकोडीकडं सोयाबीन पिकतं, आणि आता सोयादूध, टोफू घरी करणारेही भेटतात. 1 किलो सोयाबीनमागं किलोभराहून जास्त ओला चोथा उरतो आणि म्हशीपुढं जातो. त्यावरच रायझोपस बुरशी वाढवली की दीड दिवसात खायची पांढरी, घट्ट वडी होते. इंडोनेशियातल्या जावा बेटावर तिला टेम्पे गेंबुस म्हणतात.

सगळ्यात जास्त वड्या बिघडतात त्या पाण्यानं. पंचात बांधून, वर पाटा ठेवून चोथा पिळायला अर्धा तास जातो आणि तेवढा धीर कुणाला नसतो. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, बोट लावताच फुटावा, पाण्याचा थेंब पडू नये. मग मोदकपात्रात 30 मिनिटं वाफवा, परातीत पसरून अंगाएवढा कोमट होईपर्यंत थांबा. किलोला 2 मोठे चमचे व्हिनेगर घाला, त्यानंतरच विरजण, म्हणजे या बुरशीचं (दह्याचं नव्हे). गरम चोथ्यात टाकलेली बुरशी तिथंच मरते.

दुसरी चूक डिसेंबरातली. बेळगावची थंडी म्हणून थर्माकोलच्या पेटीत गरम पाण्याच्या बाटल्या ठेवायच्या, झाकण लावायचं आणि झोपायचं. पहिले 12 तास बुरशीला 30-32 अंशांची ऊब लागते हे खरं, पण त्यानंतर ती स्वतःच तापते. त्यात थर 5 सेंटिमीटरचा असला तर मधला भाग 42 च्या वर जातो, बुरशी मरते, जिवाणू माजतात. सकाळी पेटी उघडली की गोठ्यासारखा अमोनियाचा वास, आणि शिव्या विरजणाला! थर 2 सेंटिमीटरचाच ठेवा, चोथा भरलेल्या पिशवीला सेंटिमीटरभर अंतरावर सुईनं भोकं पाडा. आणि विरजण सकाळी 8 ला लावा, म्हणजे तापायची वेळ तुम्ही जागे असतानाच येते. तेव्हा बाटल्या काढा, झाकण तिरकं करा.

खोबऱ्याचं दूध काढून उरलेला चोथा यात कधीही मिसळू नका, चमचाभरही नको. खोबऱ्यावर बर्कहोल्डेरिया जिवाणू बोंगक्रेकिक आम्ल हे विष तयार करतो. त्याला वास नाही, चव नाही, तळून-उकडून ते जातही नाही. माणसं दगावली म्हणून इंडोनेशियानं 1988 मध्ये खोबऱ्याच्या टेम्पेवर बंदी घातली. "आम्ही थोडंच घातलंय" हे इथं चालत नाही.

शिळ्या भाकरीवरची बुरशी विरजण म्हणून वापरणं हा शुद्ध वेडेपणा आहे. त्यात अफ्लाटॉक्सिन हे विष तयार करणारी बुरशीही असू शकते. विरजण पाकिटातलंच घ्या. मीठ आधी घालू नका. चोथा दुपारभर ओट्यावर ठेवू नका, तो आंबतो. लगेच जमत नसेल तर फ्रीजरमध्ये टाका.

भोकांजवळ करडे-काळे ठिपके दिसले तर घाबरू नका, ते त्याच बुरशीचे बीजाणू. गुलाबी, नारिंगी, हिरवा रंग किंवा बुळबुळीतपणा दिसला तर पूर्ण वडी फेका, कापून "चांगला भाग" वेगळा काढू नका. चांगली वडीही कच्ची खाऊ नये. पातळ काप करून तव्यावर दोन्ही बाजूंनी खरपूस परता, मीठ-तिखट तेव्हाच.