आउटबोर्डचं गिअर ऑइल: बोट पाण्यात घालण्याआधी

आषाढीच्या बंदोबस्तासाठी चंद्रभागेत उतरणारी रबरी बोट असो, की उजनीच्या फुगवट्यावर रोज जाळी टाकणारी, तिच्या आउटबोर्डच्या (बोटीच्या मागे बसवलेल्या मोटरच्या) लोअर युनिटमधलं, म्हणजे पंख्याजवळच्या गिअरच्या पेटीतलं तेल निदान आठवडाभर आधी तपासून ठेवावं. आठवडा यासाठी की मरीन गिअर ऑइल सोलापुरातल्या प्रत्येक ऑइलच्या दुकानात मिळतंच असं नाही. पेटीच्या स्क्रूचे वॉशर आणि ऑइल सीलही (पाणी आत येऊ न देणारी रबरी कडी) मापाने शोधावे लागतात. खरं तर तेल बदलायची योग्य वेळ आधीचा हंगाम संपताना असते. पाणी शिरलेलं तेल आत ठेवून मोटर आठ-दहा महिने कोपऱ्यात उभी राहिली, की बेअरिंग जागच्या जागी गंजतात आणि जूनमध्ये घातलेलं ताजं तेल तो गंज काढू शकत नाही.

आधी ग्रेड ठरवावी. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या पुढे जातो म्हणून जाड १४० नंबरचं तेल घालायचा मोह इथे होतो, पण तो हिशेब जमिनीवरच्या गाडीचा. मोटर चालू असताना लोअर युनिट पाण्यात बुडालेलं असतं, त्यामुळे गिअर केस सतत थंड होत राहते आणि हवेतल्या उन्हाचा तिथे फारसा संबंध उरत नाही. १४० घातलं तर तेल बेअरिंगपर्यंत पोहोचायला वेळ लागतो आणि लहान मोटरची ताकद ते ढवळण्यातच जाते. बहुतेक मोटरींच्या मॅन्युअलमध्ये हायपॉइड (गिअरचं) एसएई ९० किंवा ८०डब्ल्यू-९० असा जाडपणाचा आकडा लिहिलेला असतो, सोबत जीएल-४ किंवा जीएल-५ हा गिअर तेलाचा दर्जा. तिथे जे छापलंय तेच घ्यावं. पेट्रोलमध्ये मिसळायचं टू-स्ट्रोक ऑइल किंवा इंजिन ऑइल या जागी अजिबात चालत नाही.

मग ट्रकच्या डिफरन्शियलचं ९० नंबरचं तेल का नको? दातांवरचा दाब ते सोसतं. पण या तेलाला झुंजायचं असतं ते पाण्याशी. सीलमधून थोडं पाणी आत आलं तरी पोलादावरचा तेलाचा थर टिकावा आणि गंज धरू नये, यासाठी मरीन तेलात वेगळी द्रव्यं घातलेली असतात. अडीअडचणीला गाडीचं जीएल-५ घालावंच लागलं, तर मरीन तेल हाती येताच ते पूर्ण काढून टाकावं, वरून भर घालू नये. निळा, हिरवा की तपकिरी, यावरून ग्रेड कळत नाही. कॅनवरचा आकडा वाचावा.

तेल किती लागेल तेही आधी बघून ठेवावं. पंधरा एचपीपर्यंतच्या मोटरीत साधारण पाव लिटरच्या आसपास आणि चाळीसच्या घरात अर्ध्या लिटरच्या आसपास बसतं, नेमका आकडा मॅन्युअलमधला. त्याच्या दीडपट जवळ असावं. सोबत कॅनला बसणारा हातपंप, स्क्रूच्या खाचेत घट्ट बसेल असा रुंद पात्याचा स्क्रू ड्रायव्हर, पेटीच्या खालच्या आणि वरच्या अशा दोन्ही स्क्रूंचे नवे वॉशर, पंख्याचा नट अडवणारी नवी कॉटर पिन, मापाचं भांडं आणि फडकी. वॉशर जुनेच लावले तर दोन रुपयांच्या वस्तूपायी गिअरचा अख्खा सेट जातो.

काम सुरू करण्याआधी स्पार्क प्लगच्या वायर काढाव्यात आणि मोटर रात्रभर सरळ उभी ठेवावी. पाणी तेलापेक्षा जड असल्यामुळे तळाला बसतं. सकाळी खालचा स्क्रू जरासाच सैल करून पहिले थेंब बघावेत. आधी पाणी आलं तर सील गेलंय. तेल दुधाच्या चहासारखं दिसलं तरी अर्थ तोच. काळं, जळका वास येणारं तेल म्हणजे बदलायला फार उशीर झालाय. मग भांडं लावून खालचा स्क्रू पूर्ण काढावा, त्यानंतर वरचा, म्हणजे हवा जाऊन तेल सरळ उतरतं. काही जुन्या जॉन्सन आणि एव्हिनरूड मोटरींवर खालच्या स्क्रूजवळच फुलीचा एक स्क्रू असतो. त्याला हात लावू नये. तो गिअर बदलणारा आतला भाग धरून ठेवतो आणि सुटला तर पेटी उघडावी लागते. स्क्रूच्या चुंबकावर करडी बारीक पेस्ट दिसली तर काळजी नाही. नखाला लागतील असे पत्रे किंवा दाताचा तुकडा दिसला, तर ती मोटर पाण्यात नेऊ नये. निघालेलं तेल मोजावं: कमी भरलं तर गळती, जास्त भरलं तर पाणी.

सील का जातं, याचं उजनीवरचं नेहमीचं कारण तंगूस. पंख्यामागे गुंडाळलेली जाळ्याची नायलॉन दोरी शाफ्टबरोबर (पंख्याच्या दांड्याबरोबर) फिरत राहते आणि सीलचा ओठ, म्हणजे शाफ्टला टेकलेली रबरी कड कापते. उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं, म्हणजे वापरायचा साठा संपला की पाणी उथळ होतं, जुनी खोडं आणि दगड वर येतात आणि पंख्यावरचा एक फटका शाफ्ट वाकवायला पुरेसा असतो. म्हणून तेल काढलेलं असतानाच कॉटर पिन काढून पंखा उतरवावा, मागचा वॉशर सरकवून तंगूस पूर्ण काढावा, शाफ्टच्या खाचांना मरीन ग्रीस लावावं. मासेमारीच्या बोटीला हे महिन्यातून एकदा करावंच. सील घेताना जुन्यावर छापलेली तिन्ही मापं दाखवावीत आणि स्प्रिंग स्टेनलेस आहे ना, ते विचारावं. साधी स्प्रिंग पाण्यात गंजते आणि ओठ सैल पडतो. शंका असेल तर मेकॅनिककडून रिकाम्या पेटीत १० ते १२ पीएसआय दाबाची हवा भरून पाच मिनिटं काटा उतरतो का ते बघावं. त्याहून जास्त दाबाने चांगलं सीलही उचकटतं.

तेल भरायचं ते खालच्या भोकातून, सावकाश. वरून ओतलं की मधे हवा अडकते, पेटी भरल्यासारखी वाटते आणि प्रत्यक्षात कमी असते. वरच्या भोकातून बुडबुडे थांबून सलग तेल येऊ लागलं की आधी वरचा स्क्रू लावावा, मगच पंप काढून पटकन खालचा. पेटी ॲल्युमिनियमची असते, त्यामुळे आटे घसरतील इतका जोर लावू नये. मग पाण्याच्या पिंपात दहा मिनिटं मोटर चालवावी. कोरडी चालवली तर मोटर थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या पंपाचं इम्पेलर (आतलं रबरी चक्र) जळतं. पाण्यावर इंद्रधनुषी तवंग आला तर कुठेतरी गळतंय. थंड झाल्यावर वरचा स्क्रू उघडून पातळी पुन्हा बघावी.

नव्या मोटरीत पहिला बदल मॅन्युअलमध्ये दिलेल्या तासांवर, बहुधा दहा ते वीस तासांत. नंतर साधारण १०० तासांनी, किंवा तास भरले नाहीत तरी वर्षातून एकदा. लहान मोटरला तासांचं मीटर नसतं, म्हणून वही बोटीतच ठेवावी. काढलेलं तेल कॅनमध्ये भरून जुनं ऑइल घेणाऱ्याकडे द्यावं. काठावर ओतू नये, सोलापूर शहर हेच पाणी पितं.