१९५०-६० च्या दशकांतले पूल तपासायच्या कामात येताय? आधी त्या काळचे आकडे वाचायला शिका

स्ट्रक्चरलची पदवी हातात आहे, लिमिट स्टेट (डिझाइनची आजची पद्धत) तोंडपाठ आहे, आणि पहिलं काम मिळालंय ते नवं काही उभारायचं नाही, तर साठ-सत्तर वर्षांपूर्वीचा पूल अजून किती भार झेलेल हे सांगायचं. तुमच्यासारख्यांसाठी हे लिहिते आहे. या कामात मिरवण्यासारखं फार नाही, पण काम संपणारही नाही. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत जगाने इतके पूल एका दमात बांधले की आता ते सगळे एकदमच म्हातारे होतायत. अमेरिकेत १९५६ च्या कायद्याने ४१,००० मैलांचे इंटरस्टेट महामार्ग मंजूर झाले आणि खर्चाचा ९० टक्के वाटा केंद्र सरकारने उचलला. त्याच वर्षी इटलीत मिलान ते नेपल्स महामार्गाचं काम सुरू झालं, १९६४ मध्ये तो पुरा झाला. जपानची पहिली शिनकानसेनही १९६४ चीच.

‘जुनं ते दणकट’ ही समजूत पहिल्याच दिवशी टाकून द्या. एकोणिसाव्या शतकातल्या दगडी कमानींना ती लागू पडते, कारण त्यांत गरजेपेक्षा कितीतरी जास्त दगड आहे. युद्धानंतरच्या पुलांत तसं नाही. पोलादाची टंचाई होती आणि माणसाचे हात त्या मानाने स्वस्त होते. म्हणून डिझायनर सळईचा किलो-किलो मोजायचा: गर्डरचं वेब (मधली उभी भिंत) पातळ, कव्हर (सळईवरचा काँक्रीटचा थर) कमी, स्टिरप (मुख्य सळयांना वेढणाऱ्या कड्या) विरळ. प्रीस्ट्रेस्ड काँक्रीट (ताणलेल्या केबलने आधीच आवळून ठेवलेलं) युरोपात इतक्या झपाट्याने पसरलं त्यामागेही हीच टंचाई होती. हुशार माणसांनी काटकसरीने केलेली ही डिझाइन्स आहेत. त्यांना कमी लेखू नका, पण त्यांच्यात चरबी शोधायलाही जाऊ नका.

आता मुद्द्याचं. नव्याने येणारे जवळजवळ सगळे एकाच खड्ड्यात पडतात. मीही पडले, म्हणून जरा जास्तच सविस्तर सांगते. कंटाळा आला तरी वाचा.

जुन्या ड्रॉइंगच्या कोपऱ्यात ‘स्टील २०,०००’ असं लिहिलेलं असतं. शेजारी ‘पौंड प्रति चौरस इंच’ असेल तर नशीब समजा. हा आकडा म्हणजे सुमारे १३८ न्यूटन प्रति चौरस मिलिमीटर. आजच्या ड्रॉइंगवर सळईच्या नावापुढचा आकडा तिचा यील्ड (ज्या ताणाला ती कायमची लांबू लागते तो) सांगतो, म्हणून आपला हात आपोआप तिकडेच जातो: १३८ म्हणजे सळईची ताकद. साफ चूक. तो परमिसिबल स्ट्रेस आहे. रोजच्या वापरातल्या भाराखाली सळईवर याहून जास्त ताण येऊ द्यायचा नाही, एवढंच तो सांगतो. त्या काळच्या साध्या माइल्ड स्टीलचा यील्ड २५० च्या आसपास असायचा. म्हणजे सुरक्षिततेचा सगळा वाटा डिझायनरने आधीच त्या २०,००० मध्ये घालून ठेवलेला आहे.

तुम्ही काय करता? १३८ ही ताकद धरता, तिला आजच्या १.१५ या सुरक्षितता गुणकाने भागता, १२० उरतात. वर भारांना दीडच्या घरातले लोड फॅक्टर (भार वाढवून धरायचे गुणक) लावता. खरं तर २५० ला १.१५ ने भागून २१७ यायला हवे होते. म्हणजे तुमच्या हिशेबात गर्डरची ताकद ५५ टक्क्यांवर आली आणि धडधाकट पूल कागदावर जवळपास निम्म्याने कमकुवत ठरला. एकच सुरक्षितता दोनदा वजा झाली. गंमत अशी की हे उत्तर खोटं वाटतच नाही. पूल जुना आहे, कुठेकुठे काँक्रीट उडालंय, सगळ्यांना तो कमकुवतच निघेल असं वाटत असतं. त्यामुळे आकडा कुणी उलटून तपासत नाही. अहवाल पुढे सरकतो, जड वाहनांना बंदी लागते, आणि कधीकधी जो पूल पाडायची गरजच नव्हती तोही पाडला जातो.

काँक्रीटचं याहून वाईट आहे. ‘३,०००’ लिहिलंय, पण ते क्यूबवर (काँक्रीटच्या घनाकार नमुन्यावर) मोजलेलं की सिलिंडरवर? ब्रिटिश परंपरेत क्यूब, अमेरिकन परंपरेत सिलिंडर. सिलिंडरची ताकद क्यूबच्या साधारण ८० टक्के भरते, म्हणजे तोच आकडा दोन देशांत दोन वेगळी काँक्रीट सांगतो. जर्मन ड्रॉइंगवर ‘बी ३००’ असेल तर ते ३०० किलो प्रति चौरस सेंटिमीटर, तेही २० सेंटिमीटरच्या क्यूबवर. आपण आज १५ चा वापरतो आणि मोठ्या क्यूबची ताकद थोडी कमीच भरते. ब्रिटिश कागदांवर बऱ्याचदा नुसतं ‘१:२:४’ असतं, म्हणजे सिमेंट, वाळू आणि खडीचं प्रमाण. त्या काळी या मिश्रणाची २८ दिवसांची क्यूब ताकद ३,००० पौंड धरत आणि बेंडिंगमध्ये (वाकण्यात) १,००० पौंड परमिसिबल ताण देत. टनांचंही तेच: ब्रिटिश टन २,२४० पौंडांचा, अमेरिकन २,००० पौंडांचा. फरक १२ टक्क्यांचा आहे, म्हणजे तुमच्या अहवालातला ‘पास’ आणि ‘नापास’ यांच्यात बसेल एवढा.

म्हणून गणिताला हात लावण्याआधी एकच काम करा. ड्रॉइंगवरचं साल शोधा आणि त्या सालची, त्या देशाची कोडची (डिझाइनच्या नियमपुस्तकाची) आवृत्ती मिळवा. नंतरची सुधारित आवृत्ती चालणार नाही. कधीकधी साल नावातच दडलेलं असतं. अमेरिकन पुलांवर ‘एच एस २०-४४’ दिसेल, त्यातले ४४ म्हणजे १९४४. तो एकूण ७२,००० पौंडांचा कागदी ट्रक आहे: पुढे ८,००० आणि मागच्या दोन अ‍ॅक्सलवर ३२,००० ३२,०००. आजचे खरे ट्रक तसे नाहीत, पण डिझायनरच्या डोक्यात कुठला ट्रक होता हे कळल्याशिवाय त्याचा गर्डर कळत नाही.

एवढं वाचून ‘चला, म्हणजे जुने पूल कागदावरच नापास होतात, प्रत्यक्षात ठणठणीत असतात’ असा निष्कर्ष काढलात तर मी डोक्याला हात लावेन. बेंडिंगमध्ये दिसणारी तूट बऱ्याचदा असल्या वाचनातूनच येते, हे खरं. शिअरची (बीम तिरक्या भेगेने कापल्यासारखा तुटण्याची) तूट मात्र गंभीरपणे घ्या. त्या काळचे नियम काँक्रीटला शिअरसाठी एक ठरावीक ताण बहाल करायचे आणि त्या मर्यादेत असेल तिथे स्टिरपशिवायही चालायचं. मुख्य सळया किती आहेत, कुठे तोडल्या आहेत, याचा त्यावर फारसा परिणाम धरत नसत. १९५५ मध्ये अमेरिकेत ओहायो राज्यातल्या शेल्बी इथे हवाई दलाच्या गोदामाच्या छताचे बीम जवळजवळ स्वतःच्याच वजनाखाली शिअरमध्ये तुटले. वरच्या सळया जिथे थांबवल्या होत्या त्याच्या पुढे, स्टिरप नसलेल्या भागात. त्यानंतरच्या संशोधनातून १९६३ च्या अमेरिकन कोडमध्ये शिअरचे नियम बदलले. ती इमारत होती, पूल नव्हता, पण त्याआधीच्या नियमांनी बांधलेले पूल आजही उभे आहेत. शिअरची तूट निघाली की गणित पुन्हा तपासा. तरीही निघालीच तर ती लपवू नका.

प्रीस्ट्रेस्ड पुलांची भीती मला अजूनही वाटते. साध्या आरसीसी पुलाची सळई गंजली की ती फुगते, काँक्रीट उडवते, आरडाओरडा करते. ग्राउट केलेली केबल, म्हणजे नळीत सिमेंटचा घोळ भरून बंद केलेली, तसं काही करत नाही. वेल्समधला इनिस-ए-ग्वास पूल १९५३ चा, छोट्या तुकड्यांना केबलने आवळून जोडलेला. तुकड्यांमधल्या सांध्यांतून क्लोराइड केबलपर्यंत पोचलं आणि १९८५ मध्ये तो कसलीही सूचना न देता नदीत पडला. ब्रिटनने १९९२ मध्ये ग्राउटेड केबलचे नवे पूल काही वर्षं थांबवलेच. इटलीत जिनोआतला १९६७ चा पूल २०१८ मध्ये कोसळला, त्यात ४३ माणसं गेली. त्याच्या तिरक्या केबल काँक्रीटच्या आवरणात होत्या, डोळ्यांना दिसणाऱ्या नव्हत्या. जर्मनीत ड्रेस्डेनचा कारोला पूल २०२४ मध्ये तुटला, तर केबलच्या तारांना बांधकामाच्या काळातच ओलाव्याने इजा झाल्याचं निघालं. म्हणून ‘दृश्य तपासणीत दोष आढळला नाही’ हे वाक्य प्रीस्ट्रेस्ड पुलाच्या अहवालात एकटं कधीच सोडू नका. काय पाहता आलं नाही, तेही त्याच परिच्छेदात लिहा.

आणि ड्रॉइंग नीट वाचता आलं तरी ते ड्रॉइंगच. कॅनडात लाव्हाल इथला कॉनकॉर्ड रस्त्यावरचा १९७० चा पूल २००६ मध्ये पडला, पाच जण गेले. हाफ-जॉइंटपाशी (जिथे एका भागाचं अर्ध्या जाडीचं टोक दुसऱ्याच्या तशाच टोकावर टेकतं) भार वर उचलून धरणाऱ्या सळया ड्रॉइंगप्रमाणे बसवलेल्याच नव्हत्या, आणि त्या जाड स्लॅबमध्ये शिअरची सळई नव्हती. हाफ-जॉइंट दिसला की माझी मान अजूनही आपोआप खाली वळते, पाणी कुठून झिरपतंय ते बघायला.

घाबरवून झालं. आता थोडा धीर देते. गणित सोपं आहे, खरंच. या लोकांनी हे सगळं स्लाइड रूलवर केलंय. म्हणून बरेचसे पूल साधे टेकलेले गर्डर आहेत, नाहीतर मध्ये मुद्दाम हिंज (बिजागरी) घालून स्टॅटिकली डिटर्मिनेट, म्हणजे नुसत्या समतोलाच्या समीकरणांनी सुटणारे, केलेले. एका दुपारी कागदावर त्यांची उजळणी होते. हार्डी क्रॉसची मोमेंट डिस्ट्रिब्युशन ही हाताने गणित करायची पद्धत, १९३० ची, आली तर बाकीचेही बरेच उलगडतात. मला विचाराल तर महागड्या फायनाइट एलिमेंट सॉफ्टवेअरच्या कोर्सआधी हीच शिका. तयार स्प्रेडशीट तर कुणाचीही घेऊ नका, ‘ऑफिसात सगळे हीच वापरतात’ म्हणाले तरी. तिच्यात कुठल्या देशाचा टन भरलाय हे बनवणाऱ्यालाही आठवत नसतं.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत जरा आडमुठं आहे. पूल नुसता ऐकून झटकन उत्तर देणाऱ्या साहेबांपासून लांब राहा, मग ते कितीही नावाजलेले असोत. ‘कुठल्या सालचा?’ असं आधी विचारणारा माणूस धरा. असे लोक बऱ्याचदा निवृत्त ड्राफ्ट्समन असतात, किंवा साइटवर सळई बांधून घेणारे जुने सुपरवायझर. बेंट-अप बार कुठे वाकवायचा हे ज्याने हाताने केलंय, तो धूसर ब्लूप्रिंटवरची रेघ तुमच्या आधी ओळखतो. त्याला चहा पाजा, हवं तर दोनदा.

पहिली काही वर्षं भेगा मोजण्यात, बॉक्स गर्डरमध्ये वाकून चालण्यात आणि बेअरिंगचे फोटो काढण्यात जातील. बरोबरचे नव्या उड्डाणपुलांचे फोटो टाकत असतील. वाईट वाटेल, वाटू द्या. त्या काळात कोअर (चाचणीसाठी ड्रिलने काढलेला काँक्रीटचा नमुना) कुठे काढायचा आणि कुठे अजिबात काढायचा नाही, हे तुम्हाला कळायला लागेल. ज्याला केबलची जागा कळत नाही त्याने कोअर मशीनला हात लावू नये, एवढं एक तरी ऐका.

ड्रॉइंगच नसेल तर? असं पुष्कळदा होतं. मग रडारने सळया शोधा, जिथे ताण कमी येतो अशा दोन-तीन ठिकाणी कव्हर उघडा, सळईचा तुकडा कापून टेन्शन टेस्टला पाठवा, कापलेल्या जागी दुसरी सळई जोडून घ्या. गुळगुळीत गोल सळई निघाली, वळ्या नसलेली, तर ती बहुधा माइल्ड स्टील. बाँडचा (सळईवरच्या काँक्रीटच्या पकडीचा) हिशेबही त्याप्रमाणेच करा. आणि चाचणीत २६० आले, शेजारच्या जुन्या नोंदवहीत १३८ लिहिलेले दिसले, तर दोन्ही आकडे अहवालात घाला आणि प्रत्येकापुढे तो यील्ड आहे की परमिसिबल, ते शब्दांत लिहा.