रोबोट व्हॅक्यूम घरात नीट कसा वापरावा

रोबोट व्हॅक्यूम आठवड्यातून एकदा पूर्ण ताकदीवर चालवण्यापेक्षा रोज कमी ताकदीवर चालवावा. त्याच्या डबीत साधारण ३०० ते ५०० मिलिलिटर कचरा मावतो. आठवडाभराची धूळ आणि केस एकदम ओढायला लावले, तर अर्धं घर होण्याआधीच डबी भरते आणि पुढे यंत्र नुसतं फिरत राहतं. रोज चालवलं की कडक फरशीसाठी सर्वात कमी किंवा मधली ताकद पुरते, आवाज कमी होतो आणि बॅटरीवर ताणही येत नाही. जास्त ताकद गालिच्यासाठी राखून ठेवावी.

सुरुवात डॉकच्या, म्हणजे यंत्र चार्ज होण्याच्या तळाच्या, जागेपासून करा. डॉक भिंतीला टेकलेला, सपाट आणि कडक फरशीवर हवा. दोन्ही बाजूंना अर्धा मीटर आणि समोर दीड मीटर जागा मोकळी सोडा. डॉकमधून इन्फ्रारेड इशारे समोर पसरतात आणि त्यांच्या आधाराने यंत्र सरळ रेषेत येऊन चार्जिंगच्या पट्ट्या जुळवतं. समोर खुर्ची आली किंवा थेट ऊन पडलं की इशारा हरवतो आणि यंत्र डॉकच्या आसपास घोटाळत राहतं. डॉक गालिच्यावर ठेवलात तर तो धक्क्याने सरकतो. डॉकची वायर भिंतीला चिकटपट्टीने बसवून टाका, कारण सैल वायर सर्वात आधी याच यंत्राच्या ब्रशमध्ये जाते. डॉकची जागा एकदा ठरली की बदलू नका. यंत्र घराचा जो नकाशा बनवतं, तो त्याच जागेवरून मोजला जातो.

यंत्र फोनवरच्या ॲपला जोडताना अडलं, तर बहुतेक वेळा कारण एकच असतं. पुष्कळ यंत्रं फक्त २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायवर चालतात. राउटरवर दोन्ही बँडना एकच नाव असेल, तर जोडणी होईपर्यंत ५ गिगाहर्ट्झ बंद ठेवा.

पहिला नकाशा बनवताना मात्र घाई नको, कारण पुढचं सगळं काम त्यावर चालतं. बॅटरी पूर्ण चार्ज करा, सगळी दारं उघडा आणि खुर्च्या एरवी असतात तिथेच राहू द्या. कॅमेऱ्यावर चालणाऱ्या यंत्राला उजेड लागतो, म्हणून दिवे लावा. लेझरवाल्याला अंधारातही दिसतं. ॲपमध्ये झाडू न मारता फक्त नकाशा काढण्याची सोय असेल तर ती वापरा. यंत्र फिरत असताना ते उचलू नका आणि त्याच्यापुढे उभे राहू नका. माणसाचे पायही नकाशात खांबासारखे उमटतात.

जमिनीपर्यंत पोचणारा आरसा असेल, तर लेझर त्यावरून परततो आणि नकाशात भिंतीपलीकडे एक खोटी खोली तयार होते. नकाशा होईपर्यंत आरशाचा खालचा भाग कागदाने झाका, मग ॲपमध्ये तिथे आभासी भिंत, म्हणजे यंत्राने ओलांडू नये अशी रेघ, आखा. काळ्या, चकचकीत फर्निचरवरून लेझर नीट परतत नाही, म्हणून त्याला यंत्र जरा जोरात धडकतं. ते बिघाडाचं लक्षण नाही.

एक गोष्ट नीट समजून घेतली तर अर्ध्या अडचणी टळतात: वरच्या घुमटात फिरणारा लेझर जमिनीपासून साधारण ९ सेंटीमीटरवर पाहतो. त्याखालची वायर, मोजा, गालिच्याची झालर त्याला दिसतच नाही. समोर वेगळा कॅमेरा असलेली यंत्रं काही वस्तू ओळखतात, पण बारीक वायरीच्या बाबतीत त्यांच्यावरही विसंबू नये. म्हणून रोज यंत्र सुरू करण्याआधी दोन मिनिटं जमिनीवर नजर फिरवा. वायरी उचला, कपडे बाजूला करा, झालर गालिच्याखाली दुमडा, लोळणारे पडदे वर खोचा.

जिथे यंत्र वारंवार अडकतं, तिथे ॲपमध्ये प्रतिबंधित क्षेत्र, म्हणजे यंत्राने जाऊ नये अशी जागा, आखा. क्षेत्र वस्तूपेक्षा चारी बाजूंनी १० ते १५ सेंटीमीटर मोठं ठेवा, कारण यंत्राचा स्वतःच्या जागेबद्दलचा अंदाज थोडा इकडेतिकडे होतो. सोफ्याखालची उंची मोजताना यंत्राची उंची घुमटासकट धरा आणि वर किमान एक सेंटीमीटर मोकळा सोडा. जेमतेम उंचीच्या सोफ्याखाली ते पाचरीसारखं रुतून बसतं. यंत्राचा व्यास साधारण ३५ सेंटीमीटर असतो. खुर्चीच्या पायांमधलं अंतर त्याहून कमी असेल, तर ती खुर्ची उचलून ठेवल्याशिवाय खालची जागा झाडली जाणार नाही. उंबरठ्याची मर्यादा बहुतेक यंत्रांना सुमारे २ सेंटीमीटर असते. त्याहून उंच असेल, तर दोन्ही बाजूंना उताराची पट्टी बसवा.

सांडलेलं पाणी, ओलं अन्न, पाळीव प्राण्याची घाण, काचेचे तुकडे, गरम राख आणि सिमेंट किंवा भिंत घासल्यानंतरची पूड यांवर यंत्र कधीही चालवू नका. पूड फार बारीक असते. ती फिल्टरची छिद्रं बुजवते आणि उरलेली मोटरपर्यंत जाते.

पुसण्याची सोय असेल तर आधी पूर्ण घर झाडून घ्या, मग पुसा. धुळीवर ओलं कापड फिरलं की चिखलाचे पट्टे उठतात. कापड भिजवून घट्ट पिळून लावा. कोरडं कापड टाकीचं पाणी शोषत राहतं आणि पहिली खोली अर्धवट पुसली जाते. टाकीत साधं पाणीच घाला. ब्लीच, फिनाईल किंवा फेस करणारं द्रव पंप आणि नळ्या खराब करतं. पाणी जड असेल तर क्षार बारीक छिद्रांत बसतात, म्हणून गाळलेलं किंवा शुद्ध केलेलं पाणी बरं. काम संपल्यावर कापड काढून धुवा आणि टाकी रिकामी करा. ओलं कापड तसंच राहिलं तर दुसऱ्या दिवशी घरभर कुबट वास पसरतो. गालिचे पुसण्याच्या वेळी प्रतिबंधित करा.

आता देखभाल. ओढण्याच्या ताकदीचे मोठमोठे आकडे पाहून यंत्र घेतलं आणि ब्रश कधी उघडलाच नाही, तर त्या आकड्यांचा काही उपयोग नाही. डबी रोज रिकामी करा. आठवड्यातून एकदा यंत्र बंद करून उलटं करा आणि मुख्य ब्रशचं झाकण काढा. मधले केस सहज दिसतात, पण खरा त्रास दोन्ही टोकांना असतो. तिथल्या टोप्या काढल्या की आत केसांची घट्ट कडी सापडते. ती कात्रीने कापून चिमट्याने ओढा. ती राहिली तर घर्षणाने टोक तापतं आणि प्लास्टिक झिजतं. बाजूच्या ब्रशचा स्क्रू सोडवून त्याच्या दांड्यावरचे केस काढा. त्याच्या काड्या वाकल्या असतील तर क्षणभर गरम पाण्यात बुडवून सरळ करता येतात. पुढचं छोटं चाक हाताने ओढून निघतं. त्याच्या आसाला केस गुंडाळले की ते फिरण्याऐवजी घासतं आणि लाकडी जमिनीवर ओरखडे उठतात.

फिल्टर आठवड्यातून एकदा हलक्या हाताने आपटून झटका. धुण्याजोगा असल्याचं लिहिलेलं असेल तरच साध्या पाण्याने धुवा आणि किमान २४ तास सावलीत वाळवा. दमट फिल्टर बसवला की धुळीचा लगदा होतो, ओढ कमी होते आणि वास येतो. दुसरा फिल्टर हाताशी असलेला चांगला. फिल्टर आणि बाजूचा ब्रश साधारण ३ ते ६ महिन्यांनी, मुख्य ब्रश ६ ते १२ महिन्यांनी बदलावा लागतो. घरात कुत्रा किंवा मांजर असेल तर हे सगळं लवकर करावं लागतं.

बिघाड वाटावा अशा बऱ्याच तक्रारी कोरड्या कापडाने सुटतात. यंत्र सारखं मागे सरकत असेल, तर पोटाखालच्या पायरी ओळखणाऱ्या सेन्सरवर धूळ बसलेली असते. काळ्या गालिच्यावरही ते तसंच थबकतं, कारण काळा रंग इन्फ्रारेड शोषून घेतो आणि यंत्राला तिथे खड्डा वाटतो. हे सेन्सर चिकटपट्टीने झाकून टाकण्याचा सल्ला काही लोक देतात. जिना असलेल्या घरात तो पाळू नका, यंत्र खाली पडेल. एकाच जागी गोल फिरत असेल तर एक चाक अडकलेलं आहे किंवा पुढच्या बंपरच्या फटीत खडा बसला आहे. बंपर दोन्ही बाजूंनी दाबून पाहा, तो लगेच परत यायला हवा. चार्ज होत नसेल तर यंत्राच्या आणि डॉकच्या धातूच्या पट्ट्या पुसा. वारंवार वाट चुकत असेल तर घुमटावरची धूळ काढा.

एरवी यंत्र डॉकवरच राहू द्या. जास्त दिवस बाहेर जाणार असाल तर ते पूर्ण चार्ज करून बटणाने बंद करा, टाकी आणि डबी रिकामी करा आणि थंड, कोरड्या जागी ठेवा. लिथियम-आयन बॅटरी पूर्ण उतरलेल्या अवस्थेत पडून राहिली तर ती पुन्हा चार्ज न होण्याची भीती असते, म्हणून दर तीन महिन्यांनी एकदा चार्ज करा.